धाग्यातले अकरा चौक

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं होतं. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत सगळे तिला पापुद्रेबाई म्हणत, कारण तिचं कामच ते. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, मेणाचा ठोकळा बर्फावर थंड करायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रात आवळायचा आणि चाक फिरवत त्याचे पापुद्रे काढायचे. पापुद्राही कसला, तर एका केसाची जाडी वीस जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला येईल तेवढा. तो कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचपट्टीवर उचलायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि मोठ्या बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवायचा. मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख डॉक्टर. रोगाला नाव द्यायच्या त्या. पण त्यांना दिसायचं तेवढंच, जेवढं पापुद्रेबाई दाखवायची, आणि हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

बावीस वर्षं चाक फिरवून तिच्या उजव्या खांद्याला कायमची कळ लागली होती आणि जिभेला कायमची धार. तुकड्याच्या बाबतीत मात्र ही बाई महाचिकट. सुरुवातीचे ओबडधोबड पापुद्रे सगळे जण टाकून देतात; हिच्याच्याने तेही फेकवत नसत. "आज कापता येतंय म्हणून आजच सगळं कापून टाकायचं का? उद्या डॉक्टरांना नवी शंका आली तर त्या माणसाला परत सुई टोचणार?" असं ती शेजारच्या टेबलावरच्या झटपटला सुनवायची. झटपट तिचा सहकारी, पन्नाशीचा, डोक्यावरचे केस गेलेला पण अंगातली घाई न गेलेला. तिचा एक ठोकळा होईपर्यंत तो तीन कापून चहाला पसार. नाजूक तुकड्याला हात लावायच्या लायकीचं आपल्याशिवाय या खोलीत कोणी नाही, असं तिचं प्रामाणिक मत होतं, आणि ते ती पोटात ठेवत नसे.

घरी तीन माणसं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वरखाली करून आला की आडवा व्हायचा. तिसऱ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. वन्संचं काम रफूचं. खिडकीपाशी स्टुलावर बसून त्या लोकांचे कोट, शाली, पँटी अशा सांधायच्या की भोक कुठं होतं ते खुद्द मालकाला सापडू नये.

नऊ वर्षांपूर्वी वन्संचे यजमान गेले. कशानं गेले ते मागाहून कळलं, आणि तेच वन्संच्याही रक्तात आहे हे त्यानंतर आठ दिवसांनी. एचआयव्ही. "गेले ते गेले, जाताना हे देऊन गेले," असं वन्सं एकदाच म्हणाल्या; पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. सासरच्यांनी त्यांचं ताट आधी वेगळं केलं, मग खोली, मग दार. पापुद्रेबाई स्वतः जाऊन त्यांना ट्रंकेसकट घेऊन आली, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याच दवाखान्याच्या तळमजल्यावर, गोळ्यांच्या ओपीडीत घेऊन निघाली. फाटकाशी वन्सं थांबल्या.

"वहिनी, एक ऐक. या दवाखान्यात तू मला ओळखत नाहीस. समोरून आले तर मान वळवायची."

"का म्हणून? तिथं सगळी शिकलेली माणसं आहेत, वन्सं."

"शिकलेलीच आधी कप बाजूला ठेवतात. उद्या तुझा चहाचा कप कोणी वेगळा ठेवला तर मला ते सहन व्हायचं नाही. कबूल असेल तर आत येते. नाहीतर ही चालले."

पापुद्रेबाईनं कबूल केलं. तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला वन्सं एकट्या रांगेत उभ्या राहायच्या. खिडकीपलीकडची समुपदेशक बाई दर वेळी विचारायची, "सोबत कोणी?" वन्सं म्हणायच्या, "कोणी नाही." फॉर्मवरचा तो रकाना नऊ वर्षं कोराच होता.

पहिल्या वर्षी एक भलतंच झालं होतं. रांगेत उभं राहायची लाज वाटते म्हणून वन्संनी कोणाला न सांगता तीन महिने गोळ्या सोडल्या. वजन बत्तीस किलोवर आलं, छातीत पाणी झालं, एकवीस दिवस वॉर्डात. पापुद्रेबाई रोज हातात रिकामा ट्रे घेऊन नमुने न्यायला आल्यासारखी वॉर्डात शिरायची, खाटांचे नंबर वाचल्याचं सोंग करायची आणि सतरा नंबरच्या खाटेपाशी दोन क्षण जास्त रेंगाळायची. सतरा नंबर श्वासासाठी धडपडत असायचा आणि तरीही मान वळवायचा. त्या एकवीस दिवसांची धास्ती तिच्या मनातून पुढं कधी गेली नाही. तेव्हापासून सकाळी आठ वाजता गोळी आणि पाण्याचा पेला वन्संच्या हातात ठेवल्याशिवाय तिनं घर सोडलं नाही.

गोळ्यांनी वन्सं सावरल्या. रक्तात विषाणू सापडेनासा झाला. आठ वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि गेल्या महिन्यात त्यांचे डोळे पिवळसर दिसायला लागले. यकृताचे आकडे चौपट. काविळीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. ओपीडीतल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गोष्टी दोन असू शकतात. एक तर गोळीच यकृताला बाधली असेल. तसं असेल तर सगळ्या गोळ्या ताबडतोब बंद. नाहीतर त्यांची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती यकृतावर उलटली असेल. तसं असेल तर गोळ्या चालूच ठेवायच्या आणि वर तिला थंड करणारं औषध द्यायचं. दोन्हींचे उपाय अगदी उलटे. चुकलं तर एका बाजूला ती बत्तीस किलोची खाट, दुसऱ्या बाजूला यकृताची राख. तेव्हा बरगड्यांतून सुई घालून यकृताचा तुकडा काढायचा आणि तो बघून ठरवायचं.

आता यकृतात असं होतं तरी काय, हे पापुद्रेबाईला पुस्तकातून नव्हे, ट्रे धरून उभं राहून राहून पाठ झालं होतं. मोठ्या बाईंचा दोन वर्षांपासून त्यावरच अभ्यास चालू होता, आणि शिकाऊ डॉक्टरांना समोर बसवून त्या दर आठवड्याला तेच समजवायच्या.

"यकृत मुळात सोशिक," बाई म्हणायच्या. "आतड्यातून निघालेलं रक्त आधी त्याच्या दारात येतं. त्यात काय वाटेल ते असतं, मेलेल्या जंतूंचे तुकडेसुद्धा. प्रत्येकावर चवताळून उठायचं म्हटलं तर जगणं मुश्कील. म्हणून तिथल्या पहारेकरी पेशी बघून सोडून द्यायला शिकलेल्या असतात. एचआयव्ही काय करतो, आतड्याच्या भिंतीतलं सैन्य आधी गारद करतो. भिंत झिरपायला लागते. जंतूंचे तुकडे कितीतरी जास्त येऊन यकृतावर आदळतात. त्यात तो काही पहारेकऱ्यांच्या आतही शिरतो. मग त्यांचं सोडून देणं संपतं आणि आरडाओरडा सुरू होतो. आरडाओरडा म्हणजे रसायनं, एका पेशीनं दुसरीला पाठवलेले निरोप. शेजारच्या पेशी ते ऐकतात आणि जखम नसताना व्रणाचे धागे विणत बसतात."

"पण मॅडम, गोळ्यांनी विषाणू दबतो ना?" असं एखादा विचारायचाच.

"दबतो. म्हणून तर माणसं जगतात. पण यकृतातली ओरड कमी झाली तरी पूर्ण थांबतेच असं नाही. आणि क्वचित कोणाच्या बाबतीत, सावरलेलं सैन्य या गोंधळात स्वतःच्याच यकृताला शत्रू समजतं. तो हल्ला कुठं दिसतो? चौकात."

चौक हा लॅबचा शब्द. यकृतात जागोजागी एक रोहिणी, एक शीर आणि एक पित्ताची नळी एकत्र येतात, त्या जागेला तिथं चौक म्हणत. तीन नळ्यांचा चौक कसा होईल, तिठा म्हणा, अशी तक्रार झटपट महिन्यातून एकदा करायचा आणि कोणी त्याचं ऐकायचं नाही. औषधाची बाधा बहुधा चौकांपासून लांब, मधल्या भागात दिसते. सैन्याची चाल चौकाच्या काठावर. पण ती सगळ्या चौकांत सारखी नसते. निदान दहा-अकरा चौक पाहिल्याशिवाय यकृताबद्दल तोंड उघडू नये, हा मोठ्या बाईंचा दंडक.

सोमवारी वन्संना सुई टोचली. संध्याकाळी त्या बरगडीखाली हात दाबून स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "उरलेला तुकडा त्यांच्या अभ्यासाला देऊन टाकलाय. सही केली. कोणाच्या तरी उपयोगी पडू दे की."  अभ्यासाला वीस-वीस पापुद्रे लागतात आणि शेवटी ठोकळ्यात नुसतं मेण उरतं, हे पापुद्रेबाईइतकं कोणाला ठाऊक असणार?

मंगळवारी सकाळी तो ठोकळा तिच्या टेबलावर आला. फॉर्मवर वन्संचं नाव, सासरचं आडनाव. मेणात शिवणकामाच्या दोऱ्याएवढा फिका धागा, लांबीला दीड बोट. नातेवाइकाचा नमुना नातेवाइकानं कापायचा नाही, हा लॅबचा नियम. पण नियम पाळायचा तर नातं सांगावं लागणार, आणि नातं सांगितलं तर फाटकाशी दिलेला शब्द मोडणार. शिवाय ठोकळा जाणार तो झटपटच्या टेबलावर! तिनं आजूबाजूला बघितलं, ठोकळा बर्फावर ठेवला आणि गप्प बसली.

चाक फिरायला लागलं. आधी नुसतं मेण, मग धाग्याची पाठ उघडी पडली: एक तुटक रेघ, मध्ये मध्ये गाळलेली. अजून थोडं खोल गेलं की रेघ सलग होते, रुंद होते, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. इतर कोणाचा तुकडा असता तर ती गेलीही असती. पण इथं तिचा हात थांबला. याच धाग्यासाठी काल वन्सं कुशीवर निजून श्वास रोखून धरत होत्या. आज सगळा उडवला आणि उद्या नवी शंका आली, तर पुन्हा तीच सुई? वरवरचे पापुद्रे दिसतायत ना, तेवढ्यावर भागेल, बाकीचा राहू दे शिल्लक. तिनं वरचेच चार पापुद्रे उचलले आणि ठोकळा खणात ठेवून दिला.

दुपारी मोठ्या बाईंचा फोन आला. "हे यकृत फार त्रोटक आहे हो. ठोकळ्यात अजून काही आहे का?"

"फारसं नाही, बाई," तिच्या तोंडून निघून गेलं.

बावीस वर्षांत तिनं बाईंना खोटं सांगितलं नव्हतं. म्हणून बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

बुधवारी ती ट्रे घेऊन बाईंच्या खोलीत शिरली तेव्हा शिकाऊ डॉक्टर सूक्ष्मदर्शकाभोवती बसले होते आणि काचेखाली वन्सं होत्या. "यात तीनच चौक दिसतायत," बाई सांगत होत्या. "तिन्ही शांत. मधल्या भागात थोडी पडझड. म्हणून मी औषधाची बाधा असावी असं लिहून दिलंय. मनाला पटत नाही पुरतं, पण पुढं कापायला तुकडाच नाही. पापुद्रेबाईंनी नाही म्हटलं म्हणजे नाहीच."

  पापुद्रेबाईनं ट्रे ठेवला आणि ती बाहेर आली. 'असावी' असंच तर लिहिलंय, तिनं स्वतःची समजूत घातली. 'असावी'वर कोण गोळ्या बंद करतंय?

घरी पोचली तर वन्सं खिडकीशी एका काळ्या कोटावर वाकलेल्या.

"फोन आला होता तुमच्याकडून," त्या मान वर न करता म्हणाल्या. "उद्या अकराला बोलावलंय. सगळ्या गोळ्या बंद. निदान सहा आठवडे. मग बघू म्हणतात."

"सगळ्या?"

"सगळ्या. चला, तुझी सकाळची पहारेदारी संपली. पेला उचलून हात दुखत असेल तुझा." वन्सं हसल्या. पण सुईत दोरा काही जाईना. एकदा, दोनदा, चारदा. रफू करणारी बाई, पंचवीस वर्षं चष्म्याशिवाय दोरा ओवत आलेली. शेवटी त्यांनी सुई कोटात खोचली आणि हात मांडीखाली दाबून धरले. दोघीही त्या हातांकडे बघत नव्हत्या.

बोलणं वळवावं म्हणून पापुद्रेबाईनं विचारलं, "कोट कोणाचा?"

"आहे एक शहाणा. खांद्याला जळालंय. रफू कर म्हणतो, पण कोटाचा एकही धागा उपसायचा नाही म्हणतो. महागाचा आहे म्हणे. अरे बाबा, आतल्या दुमडीतला धागा उपसल्याशिवाय मी सांधू कशानं? माझ्या केसानं? कापड जपत बसलास तर भोक घेऊनच हिंड, म्हटलं." वन्संनी सुस्कारा सोडला. "जिवापाड जपणारी गिऱ्हाइकं सगळ्यात वाईट बघ."

पापुद्रेबाई उठली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. आपण काय करून बसलो ते तिला त्या नळाखाली पुरतं कळलं. डॉक्टरांची चूक नव्हती, यंत्राची नव्हती, झटपटची तर नव्हतीच. ज्या हाताचा बावीस वर्षं तोरा मिरवला तो हात नेमका घरच्या माणसावर आखडला होता. आठ वर्षं गोळी हातात ठेवली, आणि आता तीच गोळी स्वतःच बंद करायला लावली होती.

गुरुवारी आठ वाजता तिनं नेहमीसारखी गोळी आणि पेला वन्संच्या हातात दिला. "आजची घ्या. अकरापर्यंत कोणी बंद केलेली नाही," एवढंच म्हणाली. साडेआठला ती मोठ्या बाईंच्या दारात उभी होती.

"बाई, मी खोटं बोलले. ठोकळ्यात तुकडा आहे. बराच आहे. मीच खोल गेले नाही."

बाईंनी चष्मा काढला. "का?"

नऊ वर्षं जिभेवर आलं नव्हतं ते आता आलं. "माझी नणंद आहे ती."

 बाई रागावतील, हाकलून देतील, अशी तिची तयारी होती. बाई रागावल्याच, आवाज न चढवता रागावल्या, आणि ते जास्त लागलं. "तुमच्या शब्दावर मी सही केली, पापुद्रेबाई. त्या सहीवर खाली अकरा वाजता एका बाईच्या गोळ्या बंद होणार आहेत. उरलेलं नंतर बोलू. ठोकळा आणा."

ती वळली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुम्ही कापायचा नाही. झटपटला द्या."

इतकी वर्षं ज्याला 'लाकूडतोड्या' म्हणून हिणवलं त्याच्यापुढं तिनं तो ठोकळा ठेवला. यात एक मेख होती. यंत्रातून एकदा काढलेला ठोकळा पुन्हा आवळला की आधीच्याच कोनात बसत नाही. कोन जुळेपर्यंत पाती आडवी-तिडवी घासते आणि तेवढा तुकडा फुकट जातो. जाड तुकड्याला त्याचं काही नाही. पण दोऱ्याएवढ्या यकृताचा या जुळवाजुळवीत फडशा पडू शकतो. पहिल्याच दिवशी ती खोल गेली असती तर ही वेळच आली नसती.

झटपटनं ठोकळ्याकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. काही तरी फिरकी घेणार होता, ती त्यानं गिळली.

"कोन सांगा," तो म्हणाला.

"उजवा वरचा कोपरा अर्धा आटा मागं. डावीकडचा स्क्रू जेमतेम पाव. माझ्या यंत्रावर, तुझ्या नाही."

"मग तुमच्याच यंत्रावर बसतो."

तिच्या स्टुलावर तिच्याशिवाय कोणी बसलं नव्हतं. तो बसला. तिनं हात पाठीमागं बांधले, कारण ते आपोआप चाकाकडे जात होते. पहिला फेरा: पाती फक्त डाव्या टोकाला लागली, धाग्याचा भुगा उडाला. तिनं श्वास घेतला तो सोडलाच नाही. दुसरा फेरा, पुन्हा डावीकडेच. "पाव आटा कमी," ती पुटपुटली. त्यानं स्क्रू फिरवला. तिसऱ्या फेऱ्याला पाती सबंध लांबीवर फिरली.

आणि मग तो थांबला नाही. तिची मान नकारार्थी हलत होती, बस, बस, आता उचल, आणि तो शांतपणे खोल जात होता. घाईत नव्हे, पण न घाबरता. तुटक रेघ सांधत गेली, सलग झाली, रुंद झाली. तेव्हा कुठं त्यानं ब्रशनं पापुद्रा अलगद सोडवला आणि पाण्यावर सोडला. धागा टोकापासून टोकापर्यंत अख्खा. तिनं इतका चांगला पापुद्रा पूर्वी काढला होता, नाही असं नाही. पण काल-परवा काढला नव्हता.

"हात चांगला आहे रे तुझा," ती म्हणाली.

"बावीस वर्षांत आजच दिसला?" झटपट म्हणाला, आणि पुढचा पापुद्रा काढायला लागला.

वाळवायला वेळ लागतो, रंगालाही लागतो, आणि त्यांना दामटता येत नाही. काचपट्टी एका भांड्यातून दुसऱ्यात, निळ्यातून पाण्यात, पाण्यातून गुलाबीत. घड्याळ दहाच्या पुढं सरकलं, सव्वादहा, साडेदहा. वन्सं आता घरून निघाल्या असतील. आता बसमध्ये असतील. आता रांगेत.

दहा पंचेचाळीसला पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. बाई बोटानं मोजत होत्या, ओठ हलत होते. "अकरा चौक," त्या म्हणाल्या.  मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाची डोळे लावायच्या भिंगांची दुसरी जोडी तिच्याकडे वळवली. "बघा."

तिनं बघितलं. त्या तीन चौकांत शुकशुकाट होता, तो तसाच. पण उरलेल्या आठांतल्या सहांच्या काठावर निळ्या पेशींची नुसती झुंबड, काठ ओलांडून आत घुसलेली, यकृताच्या पेशी कुरतडणारी. काचेखाली सगळं स्थिर होतं आणि तरी तिला तो आरडाओरडा ऐकू आल्यासारखा वाटला.

"गोळीचा दोष नाही," बाई फोन उचलत म्हणाल्या. "सैन्य उलटलंय. गोळ्या बंद केल्या तर विषाणूही परत येईल आणि आग दुप्पट." फोन व्यस्त. पुन्हा व्यस्त. दहा त्रेपन्न. बाईंनी कागद ओढला, चार ओळी खरडल्या, सही केली. "पळा खाली."

लिफ्टची वाट न बघता ती जिन्यानं धावली. लिफ्टवाल्याची बायको, पण लिफ्टवर विश्वास नाही, असं घरी तिला चिडवत. तळमजल्यावर ओपीडीबाहेरचे बाक भरलेले. लॅबचा पांढरा कोट बघून माणसं वाट देत गेली. दार ढकलून ती आत शिरली तेव्हा डॉक्टर लिहीत होते आणि समोरच्या खुर्चीवर वन्सं होत्या. उरलेल्या गोळ्यांची बाटली टेबलावर, परत करण्यासाठी काढून ठेवलेली.

वन्संनी तिला बघितलं आणि नऊ वर्षांच्या सवयीनं मान भिंतीकडे वळवली.

डॉक्टरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. लिहिलेल्या ओळीवर काट मारली. "तुमच्या गोळ्या चालूच राहणार," ते वन्संना म्हणाले. "एकही चुकवायची नाही. वर एक नवं औषध देतो. त्यानं शरीर जरा गाफील होतं, जंतू लवकर शिरतात, तेव्हा ताप आला की लगेच यायचं. घरात कोणी तरी लक्ष ठेवणारं पाहिजे." त्यांनी बाटली पुन्हा वन्संच्या पुढ्यात सरकवली.

बाहेर पॅसेजमध्ये, औषधांच्या खिडकीच्या अलीकडे, पापुद्रेबाई भिंतीला टेकली.  लोक बघत होते, पण आता बोलल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं.

"वन्सं, कालचा तो निरोप माझ्यामुळं. तुकडा मीच कापला. पुरेसा खोल कापला नाही. जपत बसले. आणि वर नातं सांगून टाकलं बाईंना. शब्द मोडला."

वन्सं भिंतीकडेच बघत होत्या. चेहऱ्यावर काही दिसेना.

"माझ्यावर हात आखडलास?" त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"मूर्ख आहेस. घरी गेल्यावर कडाडून भांडणार आहे मी तुझ्याशी." त्यांनी बाटली पिशवीत टाकली, खिडकीपाशी गेल्या. आतल्या समुपदेशक बाईनं फॉर्म ओढला, नव्या औषधाचा शिक्का मारला आणि दर महिन्याप्रमाणे मान वर न करता विचारलं, "सोबत कोणी?"

मागं रांगेत वीसेक माणसं. झटपटही कधीचा जिन्यावर येऊन उभा, काय झालं ते कळावं म्हणून. पापुद्रेबाईनं ठरल्याप्रमाणे मान वळवली.

"आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज बाकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ती काय तिथं, भिंतीला टेकलीय. माझी वहिनी. तिसऱ्या मजल्यावर असते. लिहा."